वास नसलेल्या विषाचा माग
कार्बन मोनॉक्साइड ओळखणाऱ्या संवेदकांना धातूच्या नॅनोकणांची जोड

सोलापूर, प्रतिनिधी

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत १८ मे २०२५ रोजी पहाटे टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली आणि ८ जणांचा मृत्यू झाला. कारखान्याच्याच इमारतीत राहणारे मालकाचे कुटुंबीय आणि कामगार त्यात होते. सूत आणि तयार माल यांना लागलेली ही आग आटोक्यात आणण्यासाठी अग्निशामक दलाला अनेक तास झुंजावे लागले. अशा दुर्घटनेनंतर चर्चा होते ती विद्युतजोडणीची, पाण्याच्या बंबांची आणि बाहेर पडण्याच्या वाटांची. ती व्हायलाच हवी. मात्र बंदिस्त इमारतीतील आगीत ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच माणसाला निपचित पाडणाऱ्या एका वायूकडे सहसा लक्ष जात नाही. तो वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.

कापूस हा प्रामुख्याने सेल्युलोज. मोकळ्या हवेत तो भडकून जळतो, तेव्हा त्यातील कार्बनचे बहुतांशी कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते. परंतु दाबून बांधलेल्या गठ्ठ्यात प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. गठ्ठा आतल्या आत धुमसत राहतो आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. धुमसणाऱ्या आगीला ज्वाळा कमी, उजेड कमी, पण विष अधिक, हे सुताच्या व्यवसायावर जगणाऱ्या शहराने लक्षात ठेवण्यासारखे आहे. आगीचाच प्रसंग हवा असेही नाही. बंद स्नानगृहातील गॅस गिझर, दुकानाच्या मागच्या खोलीत चालवलेला जनरेटर, थंडीत दार लावून पेटवलेली कोळशाची शेगडी, धूर नीट बाहेर न जाणारा बॉयलर, अशा कोणत्याही ठिकाणी हा वायू साचू शकतो. मार्च २०२३ मध्ये मुंबईतील घाटकोपर भागात एक दाम्पत्य स्नानगृहात मृतावस्थेत आढळले, तेव्हाही संशयाची सुई गॅस गिझरकडेच वळली होती.

प्राणवायूची जागा बळकावणारा

या वायूला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसकाही लागत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला त्याचे आकर्षण प्राणवायूच्या तुलनेत २०० पटींहून अधिक असते. श्वासावाटे आत गेलेला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवरील प्राणवायूची जागा घेतो आणि ती सहजासहजी सोडत नाही. डोके दुखते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. पित्त झाले किंवा ऊन लागले असे समजून माणूस त्याच खोलीत आडवा होतो, आणि तेथेच घात होतो.

हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २०० भाग (म्हणजे २०० पीपीएम) असतील, तर दोन-तीन तासांत डोकेदुखी सुरू होते. हे प्रमाण ८०० पीपीएम झाले, तर पाऊण तासात चक्कर व मळमळ आणि दोन-तीन तासांत मृत्यू संभवतो. १२,८०० पीपीएमला अवघी एक ते तीन मिनिटे पुरतात. याउलट भारताच्या २००९ च्या हवा-गुणवत्ता मानकांनुसार बाहेरच्या हवेत आठ तासांची सरासरी प्रतिघनमीटर २ मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे २ पीपीएमच्याही खाली असावी लागते. दोन पीपीएमपासून हजारो पीपीएमपर्यंतचा हा पट्टा एकाच उपकरणाने विश्वासाने मोजणे सोपे नाही, आणि संवेदकांच्या संशोधनातील निम्मी डोकेदुखी तेथूनच सुरू होते.

कोरोनाकाळात घरोघरी आलेले, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे दगा देते, हेही जाता जाता नोंदवायला हवे. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही. रुग्ण गुदमरत असतानाही पडद्यावर ९८ टक्के दिसू शकतात. रक्ताची वेगळी तपासणी केल्याशिवाय निदान होत नाही. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्म्याने कमी होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास हा काळ साधारण तास-दीड तासावर येतो.

पिंजऱ्यातील पक्ष्यापासून काचेच्या नळीपर्यंत

इंग्लंडमधील कोळसा खाणींतील स्फोटांनंतर होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास करताना जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की, अनेक कामगार स्फोटाने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने मेले होते. छोट्या प्राण्यांचा श्वास जलद चालत असल्याने त्यांच्यावर परिणाम आधी दिसतो, म्हणून खाणीत सोबत पक्षी न्यावा, ही सूचना त्याचीच. पिवळ्या कॅनरी पक्ष्यांची ही नोकरी ब्रिटनमध्ये १९८६ पर्यंत चालू होती. पक्षी दांडीवरून पडला की कामगार बाहेर धावत. इशारा मिळे, पण आकडा मिळत नसे.

आकडा देणारी युक्ती जपानमध्ये सापडली. क्यूशू विद्यापीठातील तेत्सुरो सेइयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये झिंक ऑक्साइडचा तापवलेला पातळ थर वायूच्या संपर्कात आला की त्याची वीजवहनक्षमता बदलते, हे दाखवले. त्याच सुमारास नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइड वापरून संवेदकाचे पेटंट घेतले. घरगुती गॅसच्या गळतीतून होणाऱ्या स्फोटांनी जपान तेव्हा हैराण होता आणि १९६० चे दशक संपण्यापूर्वीच तागुचींचे उपकरण बाजारात आले. आजही स्वस्त वायुसंवेदकांपैकी बहुतेक त्याच कुळातील आहेत.

त्यांचे काम चालते ते असे. टिन ऑक्साइड हा अर्धवाहक. तो ३०० अंशांच्या आसपास तापवला की हवेतील प्राणवायू त्याच्या कणांच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि चिकटताना आतले इलेक्ट्रॉन ओढून घेतो. कणाच्या कडेला इलेक्ट्रॉन नसलेला एक पट्टा तयार होतो. एका कणातून दुसऱ्या कणात जाणाऱ्या विजेला हा पट्टा अडवतो आणि रोध वाढतो. आता तेथे कार्बन मोनॉक्साइड आला, की तो चिकटलेल्या प्राणवायूशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि अडकलेले इलेक्ट्रॉन पुन्हा कणाला मिळतात. रोध उतरतो. शुद्ध हवेतील रोधाला वायूतील रोधाने भागले की जी संख्या येते, तीच संवेदकाची ‘प्रतिसादक्षमता’. ती जितकी मोठी तितके ‘नाक’ तीक्ष्ण.

दोष असा की, हे नाक तीक्ष्ण असले तरी भोळे आहे. मद्याची वाफ, हायड्रोजन, स्वयंपाकाचा गॅस, अगरबत्तीचा धूर, यांपैकी काहीही आले तरी ते तेवढ्याच तत्परतेने ओरडते. शिवाय सतत तापवण्यासाठी वीज लागते, आणि वर्षानुवर्षे तापून बारीक कण एकमेकांत मिसळून जाड होत जातात.

सहा नॅनोमीटरची लक्ष्मणरेषा

कणाच्या कडेचा तो इलेक्ट्रॉनशून्य पट्टा टिन ऑक्साइडमध्ये साधारण ३ नॅनोमीटर जाडीचा असतो. कण मोठा असेल, तर पट्टा म्हणजे फणसाची नुसती साल आणि आतला गर वायूला दाद न देणारा. कण सहा नॅनोमीटरपर्यंत लहान केला, तर दोन्ही बाजूंचे पट्टे मध्यभागी एकमेकांना भिडतात आणि सबंध कणच वायूच्या हुकमतीत येतो. नोबोरू यामाझोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. या मर्यादेखाली प्रतिसाद एकदम उसळतो. कापसाच्या एका तंतूची जाडी १० ते २० हजार नॅनोमीटर भरते. त्यावरून हे कण किती बारीक, याचा अंदाज सोलापूरकरांना येईल.

कण नुसता लहान करून भागत नाही, कारण तो कोणत्याही वायूला तितकाच हळवा होतो. निवड करायला शिकवण्यासाठी त्यावर धातूचे आणखी बारीक ठिपके बसवले जातात. प्लॅटिनम, पॅलेडियम, सोने, चांदी हे त्यातले नेहमीचे मानकरी. हे ठिपके दोन तऱ्हांनी काम करतात.

प्लॅटिनमची तऱ्हा मध्यस्थाची आहे. हवेतला प्राणवायूचा रेणू दोन अणूंचा असतो. प्लॅटिनम तो फोडतो आणि सुटे, कामाला उतावीळ झालेले अणू शेजारच्या टिन ऑक्साइडवर सांडतात. कार्बन मोनॉक्साइडशी होणारी क्रिया त्यामुळे कमी तापमानाला आणि लवकर होते. पॅलेडियमची व चांदीची तऱ्हा निराळी. हवेत असताना त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्साइड बनते आणि ते टिन ऑक्साइडमधून स्वतःच इलेक्ट्रॉन ओढून ठेवते. त्यामुळे शुद्ध हवेतील रोध आधीच चढलेला असतो. वायू आला की ऑक्साइडचा पुन्हा धातू होतो, धरून ठेवलेले इलेक्ट्रॉन सोडले जातात आणि रोध एकदम कोसळतो. उंचावरून पडणारी वस्तू जोरात पडावी तसे.

सोन्याची गोष्ट सर्वांत रंजक. सराफ ज्या गुणासाठी सोन्याला मान देतात तो म्हणजे त्याची उदासीनता. ते गंजत नाही, कशाशी संयोग पावत नाही. मासाताके हारुता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने या समजाला तडा दिला. ऑक्साइडवर बसवलेले काही नॅनोमीटरचे सुवर्णकण शून्याखाली ७० अंश तापमानातही कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन घडवून आणतात, असे त्यांना आढळले. दोन नॅनोमीटरच्या कणात जवळपास निम्मे अणू पृष्ठभागावर असतात. त्यांना सर्व बाजूंनी शेजारी नसतात आणि सोने व ऑक्साइड यांची कड जेथे जुळते तेथे ही क्रिया सर्वाधिक वेगाने घडते. सोने लावलेले संवेदक कमी तापमानाला कार्बन मोनॉक्साइडची निवड चांगली करतात, त्याचे मूळ येथे आहे. लागणारे सोने इतके अल्प असते की दागिन्यांच्या भावाची चिंता करण्याचे कारण नाही. खर्च असतो तो ते कण एकसारखे बसवण्याचा.

धातू अधिक घातला म्हणजे संवेदक अधिक चांगला, असेही नाही. प्रमाण बहुधा वजनाच्या एक-दोन टक्क्यांच्या आतच राखले जाते. त्याहून पुढे ठिपके एकत्र येऊन गोळे होतात, वायू वरच्या थरातच जळून जातो आणि आतल्या कणांपर्यंत पोहोचत नाही. आणखी वाढवले तर धातूचीच सलग वाट तयार होऊन वीज ऑक्साइडला बगल देऊन निघून जाते. प्लॅटिनमची आणखी एक खोड अशी की, ते फार थंड असेल तर कार्बन मोनॉक्साइड त्याच्यावर दाटीने बसतो आणि प्राणवायूला जागाच उरत नाही. मोटारींच्या धुराड्यातील उत्प्रेरक गाडी सुरू होताच काम करत नाही, गरम झाल्यावर करतो, याच्या कारणांपैकी हे एक.

ऑक्साइडच्या बाहेर पडून कार्बनच्याच नळ्या आणि पापुद्रे वापरण्याची धडपड गेली २५ वर्षे चालू आहे. कार्बनच्या नॅनोनळ्यांनी नायट्रोजन डायऑक्साइड आणि अमोनिया सामान्य तापमानाला ओळखता येतात, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००० मध्ये दाखवले. मँचेस्टर येथील गटाने २००७ मध्ये ग्राफीनवर एकेका रेणूची चाहूल टिपली. कार्बन मोनॉक्साइडला मात्र या शुद्ध पृष्ठभागांचे फारसे सोयरसुतक नाही. तो इलेक्ट्रॉन धड देतही नाही, धड घेतही नाही. म्हणून ग्राफीनमधील एखाद्या कार्बनच्या जागी ॲल्युमिनियमसारखा धातूचा अणू बसवला तर काय होईल, याची गणिते संगणकावर मांडली गेली. तसे केल्यास रेणू घट्ट चिकटतो, असे उत्तर २००८ मध्ये आले. पण फारच घट्ट चिकटला तर तो सुटणार कसा? एकदा ओरडून कायमचा गप्प होणारा संवेदक कोणाच्या कामाचा? संगणकावरील अशा शोधनिबंधांची संख्या मोठी आहे. प्रत्यक्षात बनवून, दमट हवेत महिनोन्‌महिने चालवून पाहिलेल्या संवेदकांची त्या मानाने फारच थोडी.

केगाव ते अमळनेर

या क्षेत्रातील काम परदेशातच चालते असे मानण्याचे कारण नाही. एकाच जिल्ह्यासाठी २००४ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळालेल्या सोलापूर विद्यापीठात, पुणे रस्त्यावरील केगावच्या परिसरात, प्रा. विकास पाटील यांच्या गटाने वायुसंवेदकांवर सातत्याने निबंध प्रसिद्ध केले आहेत. त्यांचा भर पॉलिॲनिलिन आणि पॉलिपायरॉल या वीजवाहक बहुवारिकांवर, म्हणजे एका अर्थी वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकवर राहिला. त्यांत लोह ऑक्साइडसारख्या धातू-ऑक्साइडचे नॅनोकण मिसळून बनवलेले थर तापवल्याशिवाय, खोलीच्या तापमानालाच वायू ओळखतात. हे निबंध प्रामुख्याने नायट्रोजन डायऑक्साइड आणि अमोनियावर आहेत. हे दोन्ही वायू बहुवारिकाशी इलेक्ट्रॉनांची वा प्रोटॉनांची देवघेव उघडपणे करतात. कार्बन मोनॉक्साइड तसा नाही, आणि त्याच्यासाठी धातूच्या मदतीची गरज अधिक भासते ती याचमुळे.

जळगाव जिल्ह्यातील अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातील प्रा. एल. ए. पाटील यांच्या प्रयोगशाळेने ऑक्साइडचे जाड थर छापून, ते दुसऱ्या धातूच्या द्रावणात बुडवून पृष्ठभाग बदलण्याची साधी पद्धत वापरली. टिन ऑक्साइडवर कॉपर ऑक्साइड चढवून हायड्रोजन सल्फाइड सामान्य तापमानाला ओळखणारा त्यांचा संवेदक २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. महागड्या निर्वात यंत्रणेशिवाय तालुक्याच्या गावी हे होऊ शकते, ही बाब महत्त्वाची.

प्रयोगशाळा कोरडी, कारखाना दमट

प्रयोगशाळेत संवेदक काचेच्या बंद पात्रात ठेवला जातो, मोजून वायू सोडला जातो आणि आलेख काढला जातो. सोलापूरच्या मागांच्या शेडमध्ये परिस्थिती निराळी. विणताना सूत तुटू नये म्हणून हवेत ओलावा राखावा लागतो. पाण्याची वाफ टिन ऑक्साइडवरील प्राणवायूच्याच जागा अडवते आणि प्रतिसाद मंदावतो. त्यात उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारे तापमान आणि जाळीवर साचणारे सुताचे तंतू. सर्वांत कपटी शत्रू मात्र सिलिकॉन. टॉवेल मऊ करण्यासाठी सिलिकॉनयुक्त द्रव्ये वापरली जातात. त्यांतील बाष्पशील भाग तापलेल्या संवेदकावर पोहोचला, तर तेथे सिलिकाचा थर बसतो आणि धातूचे ठिपके झाकले जातात. दिवा चालू असतो, काटा स्थिर असतो, आणि संवेदक मेलेला असतो. कारखान्यासाठी संवेदक निवडताना किमतीआधी हा प्रश्न विचारावा लागेल.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ‘एमक्यू-७’ हा स्वस्त संवेदक हमखास आढळतो. तोही टिन ऑक्साइडचाच. त्याला ६० सेकंद ५ व्होल्ट आणि ९० सेकंद १.४ व्होल्ट असे आळीपाळीने तापवायचे असते. कमी उष्णतेत कार्बन मोनॉक्साइड मोजायचा आणि जास्त उष्णतेत पृष्ठभागावरील इतर वायू जाळून टाकायचे, अशी ही योजना. प्रत्यक्षात त्याला सलग ५ व्होल्ट जोडून पडद्यावर पीपीएमचे आकडे झळकवले जातात. ते आकडे कशाचे, हे सांगणे कठीण. ज्ञात प्रमाणाचा वायू सोडून जुळवणी केल्याशिवाय अशा आकड्याला अर्थ नाही, आणि जिवाची जोखीम असलेल्या ठिकाणी असे जोडकाम टांगणे धोक्याचे.

घरगुती इशारायंत्रांत आज बहुधा दुसऱ्या जातीचा, विद्युत-रासायनिक संवेदक असतो. त्यातही काम प्लॅटिनमच करते. बारीक प्लॅटिनमच्या विद्युतअग्रावर वायूचे ज्वलन होते आणि त्यातून वाहणारी सूक्ष्म वीज थेट वायूच्या प्रमाणात असते. तो तापवावा लागत नसल्याने बॅटरीवर चालतो. निवडही टिन ऑक्साइडहून चांगली करतो, मात्र पाच ते दहा वर्षांत बदलावा लागतो. नॅनोपदार्थांच्या संवेदकांची स्पर्धा या जुन्या, भरवशाच्या गड्याशी आहे. आकार आणि किंमत यांत ते बाजी मारू शकतील. इलेक्ट्रॉनिक चिपवरच बसणारे, क्षणभर तापून लगेच थंड होणारे संवेदक त्याच दिशेचे आहेत.

युरोपीय मानकानुसार घरगुती यंत्राने ५० पीपीएमला एक ते दीड तासात, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत भोंगा वाजवायचा असतो. क्षणिक धुराने उगाच ओरडू नये आणि खऱ्या धोक्यात चुकू नये, असा हा मेळ आहे. खरेदी करताना वेष्टनावर हे मानक (ईएन ५०२९१) छापलेले आहे का, ते पाहावे. धुराचे इशारायंत्र, स्वयंपाकाच्या गॅसचे इशारायंत्र आणि कार्बन मोनॉक्साइडचे इशारायंत्र या तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दुकानात त्यांची सर्रास गल्लत होते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून त्याचे यंत्र जमिनीलगत बसवतात. कार्बन मोनॉक्साइड हवेहून किंचित हलका आणि सर्वत्र मिसळणारा. त्याचे यंत्र झोपण्याच्या खोलीत साधारण उशीच्या उंचीवर किंवा गिझर ज्या भिंतीपलीकडे आहे त्या खोलीत असावे. स्नानगृहाच्या आत, वाफेत ते बसवू नये. गॅस गिझरही स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. यंत्र वाजले तर खिडक्या उघडत बसण्याऐवजी आधी सर्वांनी बाहेर पडावे, आणि डोके दुखत असेल त्याला घरी न थांबवता रुग्णालयात नेऊन कार्बन मोनॉक्साइडचा संशय डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावा.